मशीन आली, पण पाण्याला वाट आहे का?

 

आजचा विषय मोरीचा आहे. हसू नका. गेल्या काही महिन्यांत आम्ही शहादा, तळोदा, नवापूर या भागातल्या गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा कर्जाचे हप्ते आणि वह्या झाल्या की कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, मशीन लावली की मोरीतून पाणी वर येतं, काय करू?" एकीनं विचारलं की चार जणी माना हलवतात. म्हणजे दुखणं एका घरचं नाही.

बायकांनी गटातून कर्ज काढलं, कापूस वेचून, मिरची खुडून हप्ते भरले आणि घरात कपडे धुवायची मशीन आणली. नदीवर, हातपंपावर जायचं वाचलं. कंबर वाचली. आणि मग एक दिवस साबणाचं पाणी मोरीतून वर आलं, स्वयंपाकघरात गेलं, धान्याचं पोतं भिजलं. घरात पहिलं वाक्य काय निघतं? "तुझ्या मशीनमुळे झालं." दुसऱ्या दिवसापासून मशीनवर चादर टाकली जाते आणि सून पुन्हा दगडावर कपडे आपटते. हप्ता मात्र चालूच राहतो. अशा चादर टाकलेल्या मशीन आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून आज सांगायचं आहे ते एवढंच, की बहुतेक वेळा मशीन चांगली असते. पाण्याची वाट बिघडलेली किंवा अपुरी असते. ती कुठे बिघडली हे आपलं आपल्याला शोधता येतं.

आधी हे होतं का, ते समजून घेऊ. आपण हातानं कपडे धुतो तेव्हा पाणी तांब्या-तांब्यानं, बादली-बादलीनं मोरीत जातं. थोडं जातं, थोडं थांबतं. मशीनचं तसं नाही. साधारण सात किलोच्या मशीनच्या टबात एका वेळी चाळीस-पन्नास लिटर पाणी असतं. म्हणजे आपल्या तीन बादल्या. ते सगळं दोन-चार मिनिटांत बाहेर येतं. एकदा साबणाचं आणि दोनदा खळबळायचं, असं तीन वेळा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराचं होतं २७५ लिटर. त्यातलं जवळपास निम्मं पाणी मशीन एका धुण्यात मोरीत सोडते. आपली मोरी, विशेषतः घरकुलातली छोटी मोरी, बांधली तेव्हा एवढ्या पाण्याचा हिशोब कुणी केला नव्हता.

त्यात पाण्याबरोबर काय जातं तेही बघा. शेतातल्या कपड्यांची काळी माती. कपड्यांची लव आणि धागे. बोअरचं पाणी जड असेल तर वडीच्या साबणाचा पांढरट साका. त्याच मोरीत भांडी घासली जात असतील तर चुलीची राख, नारळाच्या काथ्याचे धागे आणि तेलाचा चिकटपणा. राख, लव आणि तेल एकत्र बसलं की पाईपच्या आत घट्ट थर धरतो. तीन इंची पाईप आतून हळूहळू एक इंच उरतो. तांब्याभर पाणी जात राहतं, म्हणून आपल्याला कळत नाही. मशीन तीन बादल्या सोडते तेव्हा कळतं.

आता पाणी वर आलं तर काय करायचं? सगळ्यात आधी मशीनचं बटण बंद करा. हात आणि पाय कोरडे असतील तरच पिन काढा. फरशीवर पाणी पसरलं असेल आणि बोर्ड त्या पाण्यातून चालत गाठावा लागत असेल, तर आधी घराचा मेन स्विच बंद करायचा. मशीनला तीन पायांचीच पिन हवी आणि घराला अर्थिंग हवं. दोन पायांच्या सॉकेटला बसावी म्हणून तिसरा पाय कापायचा नाही. मोरी नंतर साफ होईल. जीव आधी.

त्यानंतर डोकं शांत ठेवून तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न. पाणी मशीनच्या टबातच राहिलंय आणि मोरी कोरडी आहे का? तसं असेल तर मोरीचा दोष नाही. नळी बघा. आपल्याकडे जास्त करून दोन टबांची अर्धस्वयंचलित मशीन असते. त्यातल्या बहुतेक मशीनला पाणी फेकणारा पंप नसतो. पाणी उतारानं वाहतं. नळी उंबऱ्यावरून नेली, मध्ये कुठे पिळली, किंवा सायकलच्या ट्यूबनं लांब करून वर चढवली, तर पाणी चढत नाही, टबात राहतं. नळी सरळ करा आणि पूर्ण वाट उताराची ठेवा. मशीनच मोरीपेक्षा खाली असेल तर तिच्याखाली पक्का, न हलणारा ओटा करून घ्या. पुढून दार उघडणाऱ्या मशीनची गोष्ट वेगळी. तिला पंप असतो आणि नळीचं टोक जमिनीपासून दोन-तीन फूट वर ठेवायचं असतं. तिच्यासोबत पुस्तिका येते, त्यात उंची लिहिलेली असते. पुस्तिका टाकून देऊ नका, गटाच्या वहीसारखी जपून ठेवा. टबातली लव पकडायची जाळी आणि नळीचं तोंड यांत लवेचा बोळा अडकलाय का, तेही बघा.

दुसरा प्रश्न. मोरीत तांब्यानं पाणी टाकलं तर जातं, पण मशीन सोडली की वर येतं आणि मग हळूहळू उतरतं, असं आहे का? तर अडथळा अर्धा आहे. जाळीत, ट्रॅपमध्ये किंवा पुढच्या पाईपमध्ये. इथे एक गोष्ट हमखास दिसते. मशीनची नळी मोरीच्या भोकात घट्ट खुपसलेली असते आणि बाजूनं फडकं कोंबलेलं असतं, वास येऊ नये म्हणून. मग पाईपमधली हवा जाणार कुठून? हवा अडली की पाणी अडतं. नळीचं टोक भोकात सैल ठेवा, बाजूनं हवेला जागा राहू द्या.

तिसरा प्रश्न. मशीन सोडली की मोरीबरोबर न्हाणीतही पाणी वर येतं का? सिंकमध्ये गुडगुड आवाज होतो का? तसं असेल तर अडथळा पुढे आहे, जिथे सगळे पाईप एकत्र होतात त्याच्याही पुढे. आता घराबाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. झाकण जड असतं, दोघींनी मिळून उचला. चेंबर रिकामा असेल तर घोटाळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये आहे. चेंबर काठोकाठ भरलेला असेल तर घोटाळा चेंबरच्या पुढे, म्हणजे शोषखड्ड्यात किंवा गावाच्या गटारीत आहे. एवढं बघितलं की प्लंबरदादांना बोलावलं तरी तुम्ही सांगू शकता, "दादा, चेंबर रिकामा आहे, मधल्या पाईपचं बघा." मग उगाच फरशी फोडली जात नाही आणि मजुरी वाचते.

अडथळा घराजवळ असेल तर बऱ्याचदा आपल्या हातानं निघतो. हातमोजे नसतील तर हाताला जाड प्लास्टिकची पिशवी बांधा. जाळी उचला. काही ट्रॅपमध्ये आतली वाटी निघते, ती काढून घासा. ट्रॅप कायमचा काढून मात्र टाकू नका. त्यात दोन बोटं पाणी थांबतं, तेच घाण वास आणि झुरळं अडवतं. नंतर रबरी पंप घ्या, लाकडी दांड्याला रबराची वाटी असते तो. मोरीत थोडं पाणी असू द्या, त्याच पाईपला जोडलेलं दुसरं भोक ओल्या कपड्यानं बंद करा आणि पंधरा-वीस वेळा जोरात दाबा-ओढा. पाणी गपकन खाली गेलं की समजा काम झालं. नाही झालं तर टोक वाकवलेली तार किंवा प्लंबरची स्प्रिंग घाला. जमलं तर चेंबरकडून घराच्या दिशेनं घाला. तिकडून बोळा ओढून बाहेर काढता येतो. मोरीकडून ढकलला तर तो पुढे जाऊन अजून घट्ट बसतो. बांबूची कांब घालू नका, आत तुटली तर तीच नवा अडथळा होते.

मग हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्याच्या दोन बादल्या साबण टाकून सोडा. उकळतं पाणी नको. आपले पाईप पीव्हीसीचे, ते उकळत्या पाण्यानं नरम पडतात आणि सांधे सुटतात.

आणि आता कान देऊन ऐका. मोरी तुंबली की घरात कुणीतरी ॲसिडची बाटली आणतं. कपड्यांची लव, माती आणि राख ॲसिडनं विरघळून मोकळी होत नाही. उलट, एकीनं ॲसिड टाकलं आणि दुसरीनं वरून ब्लिचिंग पावडर टाकली, तर त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जीवावर बेततो. ही दोन्ही कधीही एकत्र करायची नाहीत, एकामागून एकही नाही. पाईप मोकळा करायची पावडर दुकानात मिळते, तिच्यात बहुतेक कॉस्टिक असतं. पाणी लागलं की ती तापते आणि उडाली तर डोळा जातो. तेलाच्या चिकटपणाला तिचा थोडा उपयोग होतो, लवेच्या बोळ्याला होत नाही. आमचं म्हणणं, पंप आणि तार पुरे. पावडर एकदा टाकली असेल तर त्यानंतर पंप मारू नका, ते पाणी तोंडावर उडतं.

काम झालं की बादलीची परीक्षा घ्या. पंधरा लिटरच्या तीन बादल्या भरा आणि एकामागून एक मोरीत ओता. पाणी न थांबता गेलं तर मशीन लावा. तिसऱ्या बादलीला पाणी वर आलं तर मशीनलाही येणार.

कधीकधी पाईप साफ करूनही परीक्षा नापास होते. मग पाईपच लहान किंवा उताराशिवाय टाकलेला असतो. पैसे वाचवायला दीड इंची पाईप टाकलेला आम्ही पाहतो. मोरी ते चेंबर तीन इंची पाईप हवा. उतार दर फुटाला पाव इंच. म्हणजे दहा फुटांच्या पाईपला अडीच इंच. गवंडीभाऊंकडे पाणी भरलेली लेव्हलची नळी असते, त्यांना म्हणा, "भाऊ, माझ्यासमोर उतार मोजून दाखवा." वळणावर झाकण उघडता येईल असा बेंड टाकायला सांगा, दुकानात त्याला डोअर बेंड म्हणतात. पुढे कधी तुंबलं तर झाकण उघडून तिथूनच साफ होतं.

आता चेंबरच्या पुढचं. पाणी शेवटी जातं कुठे? आपला जिल्हा एकसारखा नाही. तापीकाठच्या शहादा-नंदुरबारच्या बाजूला काळी जमीन. ती पाणी पिऊन फुगते, मग तिच्यातून पाणी मुरत नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, बऱ्याच ठिकाणी मुरूम आणि खडक. मुरमात पाणी पटकन मुरतं, सलग खडकात अजिबात नाही. म्हणून शेजारच्या गावात जमलेला खड्डा आपल्याकडे जमेलच असं नाही. आधी फूटभर खोल छोटा खड्डा घ्या, पाण्यानं भरा आणि किती वेळात मुरतं ते बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. तिथे पाणी परसबागेत फिरवायचं. केळी, कर्दळ, अळू यांना ते चालतं. कच्च्या खायच्या कोथिंबीर-मेथीला ते देऊ नका. बाळाचे घाण झालेले कपडे धुतलेलं पाणी बागेत नको. आणि एकाच झाडाला रोज साबणाचं पाणी देऊ नका, आळी बदलत जा.

जिथे मुरतं तिथे साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा चालतो. मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे. त्याच्या आधी माती आणि लव अडवणारा एक छोटा चेंबर हवाच. तो दर पंधरा दिवसांनी साफ केला तर खड्डा वर्षानुवर्षं चालतो, नाहीतर खड्डाच गाळानं भरतो. विहीर आणि हातपंपापासून खड्डा निदान तीस फूट लांब ठेवा. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथे घरोघरी असे खड्डे घेतले आणि उघडी गटारं बंद केली. लोक त्या खड्ड्याला मॅजिक पिट म्हणतात. पुढे नांदेडच्या इतर गावांनीही तो घेतला. साचलेल्या सांडपाण्यात क्यूलेक्स जातीचा डास वाढतो आणि हत्तीरोग त्याच्यामुळे पसरतो. गटार बंद झालं की त्याची जागाच जाते.

मशीनचं पाणी संडासच्या खड्ड्यात सोडायचा विचार मनात आणू नका. दोन खड्ड्यांचा संडास मैला कोरडा होऊन खत व्हावा म्हणून असतो. रोज शंभर-सव्वाशे लिटर साबणाचं पाणी गेलं तर तो भरून वर येतो, आणि मग मोरीतून काय वर येईल ते सांगायला नको. आणि संडासच्या टाकीत, खोल बंद चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका. घरच्या माणसाला नाही, पैसे देऊन बोलावलेल्या माणसाला तर नाहीच. आत विषारी वायू असतो, माणूस वर येत नाही. पुरेशा साधनांशिवाय कुणाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. टाकी उपसायला गाडी बोलवायची.

आता गटासाठी दोन कामं सुचवतो.

पहिलं. मशीनसाठी कर्ज मागणाऱ्या ताईला आपण हप्ता कसा भरणार हे विचारतो. त्याचबरोबर विचारा, मशीन ठेवणार कुठे, पाणी जाणार कुठे, पाईप किती इंची आहे, अर्थिंग आहे का. पाईप आणि खड्ड्याचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा आणि कर्ज तेवढं द्या. खड्डा खणायचं काम घरातल्या पुरुषांना आधीच सांगून ठेवा. कपडे सगळ्या घराचे धुतले जातात, तर पाण्याची वाट एकट्या सुनेनं का काढायची? आणि गटानं मिळून एक रबरी पंप, एक स्प्रिंग आणि हातमोज्यांचे दोन जोड घेऊन ठेवा. ज्या घरी लागेल तिथे जातील, वहीत नोंद राहील.

दुसरं. अडथळा गावाच्या गटारीत असेल तर शेजारणीशी भांडून तो निघत नाही. तुझं पाणी माझ्या दारात, माझं तिच्या दारात, असं वर्षभर चालतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा भरते. तिथे हा विषय लेखी द्या. कोणत्या गल्लीत, किती घरांचं पाणी तुंबतं, पावसाळ्यात की बाराही महिने, हे लिहून द्या. रोजगार हमीतून आणि स्वच्छ भारत मिशनमधून वैयक्तिक आणि सार्वजनिक शोषखड्डे घेतले गेले आहेत. आपल्या ग्रामपंचायतीच्या आराखड्यात ते आहेत का, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. एकटीनं विचारलं तर "बघू" म्हणतात. दहा जणींच्या सहीचा कागद असला की तो नोंदवून घ्यावा लागतो. कागदाची पोच घ्यायला विसरू नका.

जाता जाता रोजच्या चार गोष्टी. वेचणीचे मातीचे कपडे आधी अंगणात झटका, एकदा साध्या पाण्यातून काढा, मग मशीनमध्ये टाका. टबातली लवेची जाळी प्रत्येक धुण्यानंतर साफ करा. राखेची भांडी घासायची जागा वेगळी करा आणि ती राख उकिरड्यावर टाका. मोरीवरची जाळी आठवड्यातून एकदा उचलून बघा. नळीच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधली तरी चालते, पण दर वेळी ती धुवायला हवी. धुतली नाही तर पाणी उलट टबात राहील.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीनं घरी तीन बादल्यांची परीक्षा घ्या. मशीन नसली तरी घ्या, कारण पाव्हणे-रावळे आले, लग्नकार्य निघालं, की मोरीला तेवढं पाणी झेपावंच लागतं. पाणी गेलं की थांबलं, किती वेळ थांबलं, चेंबर भरला होता की रिकामा, एवढं लिहून आणा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती लिहील. बैठकीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र मांडू. दोन-तीन घरांचं असेल तर पंप घेऊन आपणच जाऊ. सगळ्या गल्लीचं असेल तर कागद महिला सभेत जाईल.

आणि ज्यांच्या घरी मशीनवर चादर पडलीये, त्यांनी आधी चेंबरचं झाकण उघडून बघा. काय दिसलं ते बैठकीत सांगा.